माणसाचा दोर

घराच्या मागून एक सरळ वाट निघायची आणि कुठेच जायची नाही. एकशे दहा पावलांवर एक गंजका खांब होता, तिथे ती संपायची. या टोकाला चाक, त्या टोकाला खांब आणि मधे दोरवालीच्या टाचांनी पाडलेली लांबट घळ. टाचांनीच, कारण गेली दहा वर्षं या वाटेवर ती मागे मागेच चालत आली होती. घायपाताची पानं कुजवून, चेचून, उन्हात वाळवून काढलेला पांढरा वाख कमरेभोवती गुंडाळायचा, डाव्या हातानं तो थोडा थोडा सोडायचा, उजव्या हाताच्या अंगठ्यानं दाबून सारखा करायचा आणि चाकाकडे तोंड करून एक एक पाऊल मागे सरकायचं. चाकाशी म्हातारा. तो चाक फिरवी, चाकाचा आकडा वाखाला पीळ देई, आणि जसजसा पीळ लांबत जाई तसतसा म्हातारा लहान लहान होत जाई. खांबापाशी पोचेपर्यंत तो अंगठ्याएवढा दिसायचा.

"आमच्या आई पुढे चालताना दिसल्या की समजायचं, बाजाराला निघाल्यात," सून शेजारणींना सांगायची. दोरवालीलाही हसू यायचं. खोटं काय होतं त्यात!

पूर्वी हे उलट होतं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा चाक तिच्या हाती होतं आणि मागे जाणारा तो होता. उंच, सडसडीत, टाचांना डोळे फुटल्यासारखा बिनधोक मागे जायचा. तेव्हा तिला उगाच वाटायचं, हा खांबापाशी थांबलाच नाही तर? असाच मागे मागे गेला आणि दिसेनासा झाला तर? दर वेळी तो थांबायचा आणि दर वेळी तिला बरं वाटायचं. दहा वर्षांपूर्वी त्याचे गुडघे गेले, तेव्हा दोघांनी जागा बदलल्या. त्याबद्दल फार बोलणं झालं नाही. एका सकाळी तो चाकाशी जाऊन बसला, तिनं वाख कमरेला गुंडाळला, झालं.

एकशे दहा पावलांवरून बोलणार काय आणि ऐकू येणार काय? म्हणून शब्द दोनच. "ताण" आणि "सैल". ताण म्हटलं की त्यानं मागे रेलायचं, सैल म्हटलं की पुढे झुकायचं. त्यांचा संसार बराचसा या दोन शब्दांवर झाला होता. तिसरा शब्द त्याचा एकट्याचा. दोर पुरा झाला की तो हातात घ्यायचा, वाकवायचा, नाकाशी नेऊन वास घ्यायचा आणि म्हणायचा, "चालेल." यापलीकडे कौतुक त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. पोरगा झाला तेव्हाही दारात उभं राहून त्यानं बाळाकडे बघितलं आणि "चालेल" म्हणाला. बायका आठवडाभर हसत होत्या.

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली. विहिरींचे तळ उघडे पडले, आणि जो तो आपली विहीर आणखी खोल करायला लागला. विहिरी खोदणाऱ्या विहीरवाल्याला मान वर करायला सवड नव्हती. सुरुंगांच्या आवाजानं त्याचा एक कान गेलेला होता, म्हणून तो नेहमी डोकं तिरपं करून बोलायचा. असाच डोकं तिरपं करून तो एका सकाळी अंगणात उभा राहिला.

"काकी, दोन दोर हवेत. एक दगडाचा, एक माणसाचा. आठ दिवसांत."

"आठ दिवसांत दोन?" दोरवाली म्हणाली. "मी काय कोळीण आहे, पोटातून धागा काढायला?"

"काय म्हणालात?"

"देते म्हटलं!"

दगडाचा दोर जाड आणि राठ असला तरी भागतं. फोडलेला दगड टोपलीत भरायचा आणि वर ओढायचा, एवढंच त्याचं काम. माणसाचा दोर निराळा. त्याला धरून माणूस खाली उतरतो, तो हाताला बोचता कामा नये आणि ओझ्याखाली फिरता कामा नये. त्यासाठी ती वाख दोनदा विंचरायची. असा दोर घराबाहेर पडण्याआधी म्हातारा तो मागच्या झाडाच्या फांदीला बांधून स्वतः लोंबकळून बघायचा. त्याच्या बापानंही तसंच केलं होतं. पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, शंभर मोजेपर्यंत. गुडघे गेले तरी हे त्यानं सोडलं नव्हतं.

आठ दिवसांतल्या पाचव्या दिवशी पान चिरताना दोरवालीच्या अंगठ्यात विळा खोल गेला. तिनं चिंधी गुंडाळली आणि कामाला लागली. थांबायला वेळ कुठे होता? दोर झाले. सातव्या दिवशी उन्हं उतरताना तिनं विचारलं, "अहो, लोंबकळून बघितलात का?"

"बघितला की," म्हातारा म्हणाला.

"चालेल?"

"चालेल."

तिनं माणसाच्या दोराचं जास्तीचं टोक कापून ठेवलं. दुसऱ्या दिवशी विहीरवाला दोन्ही दोर खांद्यावर टाकून घेऊन गेला.

त्यानंतर आठवडा गेला असेल. अंगठ्याची जखम भरली होती. शेळीचं दावं तुटलं म्हणून दोरवालीनं ते कापून ठेवलेलं टोक काढलं आणि शेळीला बांधायला बसली. गाठ मारता मारता तिचा अंगठा थांबला. दोरात तीन पदर होते. तिनं तोंडाची बांधणी सोडली. दोन पदर एकमेकांना बिलगून राहिले आणि तिसरा पदर, कुणी हाक मारल्यासारखा, वेगळा होऊन आपलाआपण उलगडला.

ती टोक उजेडात घेऊन उभी राहिली. दोन पदरांवर वाखाच्या रेघा एका बाजूला तिरप्या, तिसऱ्यावर दुसऱ्या बाजूला. तीन पदरांपैकी एक उलटा वळला गेला होता. पदर वळताना चाक उजवीकडे फिरवायचं आणि तिन्ही पदर एकत्र वळताना डावीकडे, म्हणजे ते एकमेकांना आवळून धरतात. उलटा पदर धरत नाही. दोराला ओझं लागलं की दोर उलगडायला बघतो; सरळ पदर त्याला अडवतात, उलटा त्याच्याबरोबर उलगडत जातो. हे या घरातल्या पोरांना चालायच्या आधी कळतं.

तो दिवस तिला आठवला. दुसरा पदर संपवून म्हातारा पाणी प्यायला उठला होता. येऊन बसला, बसून जरा वेळ चाकाकडे बघत राहिला, मग फिरवायला लागला. धुरळा होता, लांबून चाक कुठल्या बाजूनं फिरतंय ते तिला दिसलं नाही. दिसायची गरज कधी पडली नव्हती, कारण अंगठ्याला कळायचं. आणि अंगठ्याला चिंधी होती.

"अहो," ती चाकाशी बसलेल्या म्हाताऱ्याजवळ गेली. "विहीरवाल्याचा माणसाचा दोर तुम्ही फांदीला बांधून बघितला होता ना?"

"कुठला विहीरवाला?"

"असं काय करता? मागच्या आठवड्यात नेला तो."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग मागच्या झाडाकडे बघितलं. "फांदी तुटली ना ती," तो म्हणाला. "बाबा ओरडले मला."

ती फांदी चाळीस वर्षांपूर्वी तुटली होती; तेव्हापासून तो तिच्या शेजारच्या फांदीला दोर बांधायचा. बाबाही राहिले नव्हते.

गेले काही महिने तो जोडे उलटसुलट पायांत घालायचा. सुनेला कधी आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायचा. दोरवाली म्हणायची, वय झालं. सून नुसती बघायची. आता दोरवालीच्या हातात ते टोक होतं.

"अगं, चल माझ्याबरोबर," ती सुनेला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"कुठे? चुलीवर ठेवलंय आई मी."

"उतरव आणि चल."

विहीर दोन टेकड्यांपलीकडे होती. ऊन डोक्यावर आलेलं, वाटेवर सावली म्हणून नाही. सून तरणी, ती पुढे. दोरवाली मागे पदराच्या टोकानं तोंड पुसत, अर्धी चालत, अर्धी धावत. पुढे चालायची सवय नसलेले तिचे पाय ठेचकाळत होते. सुनेनं एकदा वळून विचारलं, "झालंय तरी काय?" दोरवालीनं दोराचं टोक पुढे केलं. सून या घरात सहा वर्षं होती. तिनं बघितलं आणि सासूचा हात धरून ओढायला लागली.

विहिरीच्या काठावर दोन गडी रहाट धरून उभे होते. माणसाचा दोर खाली गेलेला, ताठ. विहीरवाला कडेला उकिडवा बसून आत वाकून बघत होता.

"खाली कोण आहे?" दोरवाली लांबूनच ओरडली.

"धाकटा भाऊ आहे. का हो काकी?"

"वर काढा त्याला! पण या दोरानं नको!"

"काय?" विहीरवाल्यानं डोकं तिरपं केलं.

"या दोरानं नको!"

"दोरानं नको? मग काय उडत येईल तो?" गडी हसले. मग विहीरवाल्याला तिचा चेहरा दिसला आणि तो उभा राहिला.

दगडाचा दोर टोपली सोडून खाली टाकला. खालून शिव्या ऐकू आल्या. बऱ्याच वेळानं धाकटा वर आला, डोक्यापासून पायापर्यंत दगडाच्या पिठात माखलेला. काठावर पाय टेकता टेकता म्हणाला, "काय आहे? जेवायची वेळ झाली का एवढ्यात?"

विहीरवाल्यानं माणसाच्या वजनाचा एक दगड निवडला, तो माणसाच्या दोराला बांधला आणि खाली सोडायला लावला. पाच हात, दहा हात. दगड सावकाश स्वतःभोवती फिरायला लागला. वीस हातांवर दोराच्या पोटातून एक पदर बाहेर आला, सैल होऊन लोंबायला लागला, लांब लांब होत गेला. उरलेल्या दोन पदरांनी करकर आवाज केला. दगड अजून फिरतच होता.

धाकटा ते बघत उभा होता तिथेच खाली बसला. "आजच काढला हा दोर. सकाळपासून चार वेळा गेलो-आलो मी याच्यावर," तो म्हणाला. त्यानं आपल्या हाताच्या तळव्यांकडे बघितलं, जणू चूक त्यांचीच होती.

विहीरवाला दोरवालीकडे वळला. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

"काकी, चाकावर काका होते ना?"

सुनेनं तोंड उघडलं. दोरवालीनं तिचं मनगट धरलं, दावं धरतात तसं घट्ट.

"चाकावर तेच होते. पण बाजू मी सांगते, ते फिरवतात. माझा अंगठा कापला होता, मी जरा गोंधळात होते. डावी म्हणून सांगितलं मी त्यांना."

"आणि लोंबकळून नाही बघितलं?"

"मीच म्हटलं राहू दे, घाई आहे."

"माझ्या बापानं तुमच्याच घरच्या दोरावर जन्म काढला," विहीरवाला म्हणाला. "काकी, तुम्ही धावत आलात, ते मी विसरणार नाही. पण हा माझ्या आईच्या पोटचा आहे." भावाकडे त्यानं बोट केलं. "यापुढे दोर दुसरीकडून आणीन मी. राग मानू नका."

"राग कसला," दोरवाली म्हणाली.

परत येताना पहिली टेकडी चढून झाली. मग सून जी सुटली ती घर येईपर्यंत.

"तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं काय त्यात? चिंधी होतीच ना माझ्या अंगठ्याला. कळायला हवं होतं मला."

"मामंजींना काही समजत नाही हल्ली. गावाला आज ना उद्या कळणारच."

"उद्या कळेल ते उद्या. आज कशाला?"

"आणि तुमचं काय? उद्यापासून तुमच्या हातचा दोर कुणी घेईल?"

दोरवालीच्या पायाला ठेच लागली. ती थांबली, अंगठ्यावरची माती पुसली. "त्याला दुसरं काही येत नाही गं," ती म्हणाली. "चाक सोडून त्याला काही येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीरवाला खराब दोर परत घेऊन आला. तो नुसता टाकून गेला असता तर भागलं असतं. पण भला माणूस होता, म्हाताऱ्याला मान द्यायचा म्हणून अंगणात उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. कुंपणापलीकडे शेजारीण पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

"काका, तुमचा दोष नाही," विहीरवाला म्हणाला. "काकींनी स्वतः सांगितलं. बाजू त्यांची चुकली."

म्हाताऱ्यानं दोर हातात घेतला. आणि नवल असं, की त्या दिवशी त्याचे हात अगदी जागे होते. पदर वेगळे केले, रेघ बघितली, बोटानं पिळाची बाजू दाखवली. दोर हातात आला की त्याला सगळं आठवायचं. फक्त स्वतःचं केलेलं आठवायचं नाही.

"डावं-उजवं कळत नाही तुला?" तो तिच्यावर ओरडला. "माणूस सोडतात याच्यावर, माणूस! एवढी वर्षं काय गवत उपटलंस का इथे?"

दोरवाली वाखाच्या ढिगाशी बसली होती. खाली बघून म्हणाली, "चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! बाबा असते तर हाकलून दिलं असतं तुला." त्यानं दोर तिच्या पायांशी फेकला. दोराचं टोक तिच्या पोटरीला लागलं. कुंपणापलीकडे सूप पुन्हा सुरू झालं, पण हळू.

"मामंजी—" सून पुढे आली.

"तू गप्प बस," दोरवाली म्हणाली. सासू म्हणून इतक्या वर्षांत तिनं हा स्वर सुनेला दाखवला नव्हता. सून आत गेली आणि भांडी आपटायला लागली.

दुपारपर्यंत म्हातारा सगळं विसरला. जेवताना दोरवालीच्या ताटाकडे बघून म्हणाला, "तू आधी घे." तिनं आधी घेतलं.

दोघींनी मग ठरवलं की चाक सुनेनं धरायचं. कुणीतरी विश्वासाचं माणूस चाकावर असलं तर दगडाचे, जनावरांचे दोर तरी खपतील. म्हाताऱ्याला झाडाखाली बाज टाकून दिली. सून चाकाशी बसली, दोरवाली मागे जायला लागली. दहा पावलांवर तिला दिसलं की म्हातारा बाजेवर उठून बसलाय आणि त्याचे दोन्ही हात हवेत गोल गोल फिरताहेत. तिनं नजर काढून घेतली. पण चाकाकडे तोंड करून चालणाऱ्या माणसानं दुसरीकडे बघायचं कुठे?

पहिल्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी थोडं दूध घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो सुनेजवळ येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचं झालं की मला जरा देता का?"

सुनेनं दांडा सोडला आणि डोळ्यात काहीतरी गेल्यासारखी घरात निघून गेली.

म्हातारा चाकाशी बसला. दांड्याला हात लागला आणि त्याचे खांदे खाली आले, तोंड सुटं झालं. दोरवालीनं त्याला असं बसलेलं हजारदा बघितलं होतं, त्यात बघण्यासारखं काही असतं हे तिला त्या सकाळी कळलं. तिनं मुकाट्यानं वाख कमरेला गुंडाळला. चाक डावीकडे फिरायला लागलं. तिच्या अंगठ्याला लगेच कळलं. "थांबा" हा शब्द ओठांपर्यंत आला, आणि मग तिच्या मनात एक निराळीच गोष्ट आली. तिन्ही पदर डावे वळले तर? मग शेवटी एकत्र वळताना चाक उजवीकडे फिरवायचं. दोर उलटा होईल, पण खरा होईल. तो ज्या बाजूला फिरवेल, त्या बाजूचा दोर करायचा.

चार दिवस त्यांनी डावे दोर वळले. ती प्रत्येक पदराच्या सुरुवातीला अंगठ्यानं बाजू ओळखायची, कापडाच्या चिंधीवर गाठ मारून खूण ठेवायची, शेवटी त्याला नुसतं म्हणायची, "आता परतीचं," आणि तो बाजू बदलायचा. सुनेनं ते दोर झाडाच्या फांदीला बांधून लोंबकळून बघितले. धरत होते. बाजारात एका अनोळखी धनगरानं दोन घेतले. परत येताना दोरवाली सुनेला एक विनोद सांगत होती, स्वतःच सांगत होती आणि स्वतःच हसत होती. सून म्हणाली, "आई, तुम्ही पुढे चालताय आणि ठेचही लागत नाहीये."

पाचव्या दिवशी पन्नासाव्या पावलावर पीळ तिच्या बोटांत मेला. आधी ढिला पडला, मग उलटा चढायला लागला. चाकाशी म्हातारा तसाच बसून फिरवत होता, आनंदात, दुसऱ्या बाजूनं. "अहो!" ती ओरडली. त्याला वाटलं ताण म्हणतेय; तो मागे रेलला. ती चालत त्याच्यापर्यंत गेली, दांडा धरला, बाजू दाखवली. "हो हो," तो म्हणाला. वीस पावलांवर पुन्हा तेच झालं. त्या दिवशी ती नऊ वेळा पुढे चालत गेली. दहाव्या वेळी गेली नाही. पदर पुरा केला, खांबाला अडकवला आणि खांबाच्या पायथ्याशी बसून राहिली.

मग सून खडी फोडायला जायला लागली. मुलगा लांब खाणीवर होता, त्याचं काही यायचं, तेवढ्यावर आणि सुनेच्या हातोडीवर घर चालायला लागलं. सुनेच्या तळव्यांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. ती घरी आली की दोरवाली कोमट पाणी घेऊन तिचे हात धुवायची. अशाच एका संध्याकाळी सुनेनं हात न काढता विचारलं, "आज काय वळलंत?"

"तेच."

ती काय करत होती ते सुनेला ठाऊक होतं. सकाळी ती आणि म्हातारा पदर वळत. दुपारी तो झोपला की ती ते सगळं उलगडून, वाख विंचरून पुन्हा पुंजका करायची. दुसऱ्या दिवशी तोच वाख, तीच वाट. वाख दिवसेंदिवस आखूड होत होता, तुटत होता, त्याचा भुगा अंगणात उडत होता. आणखी महिनाभर पुरला असता फार तर.

"मी भांडत नाही आई," सून म्हणाली. "खरंच विचारते. तुम्हाला यातून काय मिळतं? त्यांनी तुम्हाला गावासमोर काय काय म्हटलं. त्यांना आता तुम्ही कोण हेही धड कळत नाही. कधी चांगलं म्हणाले का ते तुम्हाला?"

"चालेल म्हणायचे," दोरवाली म्हणाली.

"दोराला म्हणायचे."

दोरवालीनं विचार केला. तिला काहीतरी सांगायचं होतं, सुनेच्या रक्ताळलेल्या तळव्यांना पुरेल असं. तो चाकाशी बसला की माझ्या जिवाला बरं वाटतं, हे सांगायचं होतं. पण ते बरं वाटणं दुसऱ्याच्या हातांवर चाललं होतं, आणि ते हात तिच्या हातांत होते. "मला दुसरं काही येत नाही गं," ती म्हणाली. तिनं फडक्यानं एक एक बोट टिपलं. "तुझ्या जागी मी असते तर केव्हाच ओरडले असते."

"ओरडून तुम्ही थांबणार आहात का?"

"नाही."

"मग कशाला घसा कोरडा करू? पाणी कुठे आहे एवढं?" सून म्हणाली. आणि दोघी हसल्या, हसण्यासारखं काही नसताना.

पाऊस आलाच नाही. विहीरवाल्याला साठ हातांवर पाणी लागलं, असं कुणीतरी सांगितलं. धाकट्यानं वर येऊन आधी दोराच्या पाया पडल्यासारखं केलं म्हणे, आणि सगळे हसले म्हणे. दुसऱ्या कुणाच्या हातचा होता तो दोर.

त्यानंतरच्या एका सकाळी दोरवाली चाकाच्या आकड्याला वाख अडकवत होती. वाख इतका आखूड झाला होता की आकड्यावर बसेना. म्हातारा दांडा धरून तयार होता. तिचं डोकं त्याच्या खांद्याजवळ होतं. इतक्या जवळ ते कामाच्या वेळी क्वचित असायचे. त्यानं तिच्याकडे बघितलं, परक्या बाईकडे बघावं तसं अदबीनं. मग त्याची नजर वाटेवरून लांब खांबापर्यंत गेली. तिथे कुणी नव्हतं.

"तिकडे टोकाला कोण आहे?" त्यानं विचारलं.

दोरवालीचा हात आकड्यावर थांबला.

"तुमची बायको आहे," ती म्हणाली.

"मग काळजी नाही," म्हातारा म्हणाला, आणि नीट सावरून बसला. "तिचा हात चुकत नाही."

ती तशीच वाकलेली राहिली. कुंपणापलीकडे कुणी नव्हतं. सून कामावर गेली होती. शेळी तेवढी होती, ती दावं चावत होती. दोरवालीला वाटलं, त्याला म्हणावं, पुन्हा म्हणा. पण त्यानं विचारलं असतं, काय म्हणू?

वाख आकड्यावर बसला. तिनं उरलेला कमरेला गुंडाळला आणि मागे सरायला लागली. एक, दोन, तीन. चाक उजवीकडे फिरत होतं, पीळ चांगला चढत होता. तिसाव्या पावलावर तिच्या अंगठ्याला कळलं की बाजू बदलली. पीळ ढिला पडला, वाख बोटांत सुटा सुटा होत गेला. तिथून म्हातारा हाताएवढा दिसत होता, आणि तो हसत होता.

"ताण!" तिनं हाक दिली.

तो मागे रेलला. ताण घ्यायला दोघांच्या मधे दोरी उरली नव्हती, नुसता भुगा उडत होता. ती पावलं मोजत मागे मागे जात राहिली.